आधी त्याला गोंदण म्हणा

(वसंत व्याख्यानमालेत एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेत आजचा विषय ‘पर्मनंट मेकअप करण्यापूर्वी’ असा छापला आहे. कार्यकर्ते शीर्षक विचारायला आले तेव्हा मी त्यांना एकच शब्द सांगितला होता, ‘गोंदण’. ते म्हणाले, ‘डॉक्टर, लोकसंस्कृतीवरचं व्याख्यान वाटेल, आणि त्या विषयाला आपल्याकडे खुर्च्या रिकाम्या राहतात.’ (हशा) मी शीर्षक बदलू दिलं. पण मी बोलणार आहे ते त्या शब्दाबद्दलच, कारण माझी खात्री झाली आहे की या प्रकारात होणारं बरंचसं नुकसान ‘मेकअप’ या नावामुळे होतं.

मायक्रोब्लेडिंग म्हणजे भुवयांत रंग भरणं, लिप ब्लश म्हणजे ओठांत; त्याहून जास्त मी सांगत बसत नाही. इथल्या निम्म्या जणींच्या मोबाइलमध्ये त्याचे व्हिडिओ असतील. कातडीचे थर शाळेत झाले आहेत. एवढंच ध्यानात घ्या की वरचा थर साधारण महिना-दीड महिन्यात झडून नवा येतो. मेकअप त्याच्यावर बसतो, रात्री धुतला की गेला. सुईने भरलेला रंग त्याच्या खालच्या थरात जातो, आणि तो थर झडत नाही.

तिथे रंग नुसता पडून राहतो असंही नाही. बाहेरचं काही आत आलं की त्याला गिळून टाकणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतात. त्या रंगाचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवर काम करून दाखवलं की रंग गिळलेली पेशी मेली की रंग बाहेर पडतो आणि शेजारची नवी पेशी तो पुन्हा गिळते. म्हणजे तुमच्या भुवईचा रंग शरीराने कधी स्वीकारलेला नसतो. शरीर त्याला आयुष्यभर एका हातातून दुसऱ्या हातात देत राहतं. पार्लरमध्ये सांगतात, ‘सेमी-पर्मनंट आहे ताई, दीड-दोन वर्षांत निघून जातं.’ फिकट होतं, हे खरं. पूर्ण जाईलच, असं कुणालाही सांगता येत नाही.

आता माझ्या आजीच्या गोंदणाबद्दल थोडं बोलते, दोन मिनिटं.

आजी माण तालुक्यातली. कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका, उजव्या हातावर तुळशीवृंदावन. दहा वर्षांची असताना गोंदलं. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून त्या वृंदावनावरून बोट फिरवायचे आणि विचारायचे, ‘आजी, हे हिरवं का?’ तिला ठाऊक नव्हतं. मला उत्तर मिळालं ते एमडीला असताना. गोंदणात भरलेली दिव्याची काजळी काळीच असते, पण कातडीच्या खोल थरात काळा रंग बसला की वरून तो निळसर-हिरवट दिसतो. उजेड कातडीतून जाताना विखुरतो, त्याचा हा परिणाम. आज माझ्याकडे बायका येतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, भुवया निळ्या-राखाडी झाल्या, रंग भेसळीचा होता का?’ भेसळ असेलही. पण पुष्कळदा सुई खोल गेलेली असते आणि रंगात कार्बन असतो. आजीच्या हातावरची हिरवाई आणि यांच्या भुवईवरची निळाई एकाच कुळातली.

आजी गोंदणारणीची गोष्ट सांगायची, ती मी कधी विसरले नाही. बाई ओसरीवर बसली. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. तिने आधी आजीच्या आईला विचारलं, पोरीला ताप आहे का. मग विचारलं, हिच्या अंगावरची जखम लवकर भरते का, की व्रण वर येतो. मग आजीचा हात धरून थेट तिलाच म्हणाली, ‘बाळे, दुखंल. आन् ह्ये पुसायचं न्हाई. सरणावर संगं यील.’ दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, ही समजूत तुमच्याही घरात कुणी सांगितली असेल. आजीने मान हलवली, तिच्या थोरल्या बहिणीने हात दाबून धरले, आणि काम झालं. वरून हळद.

आज आम्ही रुग्णाकडून संमतिपत्रावर सही घेतो. त्यात असतं काय? तब्येत कशी आहे, जखम कशी भरते, दुखेल का, परत निघेल का. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईने ओसरीवर यातलं काही आईला विचारलं, बाकीचं दहा वर्षांच्या पोरीला सांगितलं. सुया निर्जंतुक नव्हत्या, पोरीचं वय निर्णय घेण्याचं नव्हतं. त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तिने एक गोष्ट खरी सांगितली, आणि ती गोष्ट त्या शब्दातच होती. गोंदण म्हटलं की राहणार, हे पोरीलाही कळत होतं.

(अध्यक्षांची चिठ्ठी.) हो, बघितली. पण यापुढची हकीकत सांगितल्याशिवाय माझं बोलणं पुरं होणार नाही.

प्रॅक्टिस सुरू करून मला सहा-सात वर्षं झाली होती. एक बाई आल्या, चेहऱ्यावर वांग, वरच्या ओठाच्या वरही. आधी मलमं दिली, पुढे लेझर ठरवलं. माझ्या फॉर्मवर प्रश्न छापलेला होता, ‘चेहऱ्यावर गोंदण आहे का?’ त्यांनी ‘नाही’ वर खूण केली. मी तोंडीही विचारलं. त्या म्हणाल्या, ‘छे हो, आमच्यात कुणी गोंदत नाही.’ लेझर ओठाच्या कडेपाशी गेला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती गुलाबी कड काळी पडली. एका क्षणात. काजळाच्या काडीने रेघ ओढल्यासारखी.

पाच वर्षांपूर्वी त्यांनी ओठांत गुलाबी रंग भरून घेतला होता. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी तो मेकअप होता, आणि फॉर्मवर मेकअपबद्दल प्रश्न नव्हता.

झालं काय ते सांगते. गुलाबी, पिवळसर, अंगाच्या रंगाच्या छटा बनवायला लोहाचा गंज, म्हणजे आयर्न ऑक्साइड, आणि पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात. लेझरचा झोत पडला की तांबूस गंजाचं रासायनिक रूप बदलून तो काळा होतो, आणि टायटॅनियमचं पांढरं निळसर-करडं होतं. म्हणून ‘नाही आवडलं तर लेझरने काढू’ हे वाक्य ओठांच्या आणि फिकट रंगांच्या बाबतीत फार धोक्याचं आहे. एखादा शेंगदाण्याएवढा ठिपका आधी तपासून पाहिल्याशिवाय तिथे लेझर लावूच नये. बिघडलेली भुवई झाकायला वरून अंगाच्या रंगाचा थर भरतात, तोही काळा पडतो. त्या बाईंचा ओठ पूर्ववत व्हायला वर्षाहून जास्त लागलं. त्या काळात त्यांनी घरातलं एक लग्न आणि दोन बारशी टाळली. चूक माझी होती. मी माझ्या शब्दात विचारलं, त्यांच्या शब्दात विचारलं नाही. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर पाच ओळी आहेत: गोंदण, टॅटू, मायक्रोब्लेडिंग, लिप ब्लश, पर्मनंट काजळ.

असे फॉर्म सगळीकडे असतात. रक्तपेढीत विचारतात, वर्षभरात टॅटू काढला का? भुवया भरलेली बाई ‘नाही’ म्हणते. एमआरआयच्या खोलीबाहेर विचारतात, तेव्हाही ‘नाही’. एमआरआयची फार धास्ती घेऊ नका. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 330 लोकांचे 932 टॅटू तपासले, त्रास झाला तो एकालाच, तोही किरकोळ. पण लोहाचे कण गरम होऊन चुणचुण होऊ शकते, आणि पापणीवर रंग असेल तर तिथलं चित्र बिघडू शकतं. तंत्रज्ञाला सांगितलेलं असलं म्हणजे झालं.

(मागच्या रांगेतून: ‘डॉक्टर, पार्लरवाल्या तुमची गिऱ्हाइकं पळवतात म्हणून बोलताय का?’ हशा, टाळ्या.)

टाळ्या कुणासाठी होत्या? (हशा) नाही, काका, प्रश्न रास्त आहे आणि उत्तर देते. मी स्वतः रंग भरते. कोडाने ओठ पांढरे झालेले लोक माझ्याकडे येतात. डाग किमान वर्षभर वाढलेला नसेल, तरच मी सुई हातात घेते, कारण कोड वाढत असताना कातडीला जखम केली की त्या जखमेच्या जागीही कोड उमटतं. चाईने भुवया गेलेल्या मुली, केमोथेरपीनंतर आरशात बघायला न धजणाऱ्या बायका, यांच्यासाठी ही कला फार मोठी आहे. केमो चालू असताना मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई नको. तिसऱ्या रांगेत पार्लर चालवणाऱ्या दोघी बसल्या आहेत, मगाशी दारात माझ्याशी बोलल्या. ताई, तुमच्यावर रोख नाही. तुमचा हात माझ्यापेक्षा सफाईदार असेल. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे: दरपत्रकावर ‘गोंदण’ लिहा. कंसात लिहा, बारीक अक्षरात लिहा, पण लिहा.

(पुन्हा चिठ्ठी: ‘सात मिनिटे’.) सातच? मग जे टिपून घ्यायचं ते आता.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि सुई तुमच्यासमोर डब्यात गेली पाहिजे. कावीळ ‘ब’चा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, सात दिवस जिवंत राहतो. त्याची लस घेतलेली नसेल तर आधी घ्या. रंग झाकणीत ओतून घेऊ द्या, आणि उरलेला बाटलीत परत जाऊ देऊ नका. बाटलीचा फोटो काढा, नाव आणि लॉट नंबरसकट. कधी लेझर करायची वेळ आली, किंवा ॲलर्जी झाली, तर तो फोटो माझ्या हातातलं सगळ्यात मोठं शस्त्र आहे. अमेरिकेच्या एफडीएने कातडीत टोचण्यासाठी कुठल्याही रंगाला मान्यता दिलेली नाही. युरोपने जानेवारी 2022 पासून गोंदणाच्या आणि पर्मनंट मेकअपच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे भिंतीवर जे प्रमाणपत्र टांगलेलं असतं ते पुष्कळदा शॉप ॲक्टचं असतं. ते दुकानाबद्दल सांगतं, सुईबद्दल काही सांगत नाही.

ॲलर्जी लाल रंगाची सगळ्यात जास्त. कानामागे ठिपका लावून पाहणं चांगलं, पण त्यावर निर्धास्त राहू नका, कारण ॲलर्जी महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठते. कान टोचल्यावर ज्यांच्या पाळीवर गाठ आली, त्यांनी या वाटेला जाऊ नये. गोंदणारणीने विचारलेला प्रश्न तो हाच. ओठांवर तापाच्या पुळ्या येण्याची सवय असेल तर सुईने त्या पुन्हा उठतात, त्याच्या गोळ्या आधीच सुरू कराव्या लागतात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, रक्त पातळ करण्याची गोळी असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, दिवस गेले असतील, तर थांबा. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. बधिर करायचं मलम जाड थापून वर प्लॅस्टिक गुंडाळतात, ते करू देऊ नका. ते औषध रक्तात उतरलं तर हृदयाची लय बिघडू शकते.

पापणीच्या कडेला पर्मनंट काजळ भरू नका, असं मी सरळ सांगते. तिथे डोळ्यातलं पाणी सुकू न देणाऱ्या तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. सुईने त्या गेल्या की परत येत नाहीत, आणि डोळे जन्मभर कोरडे राहतात.

आणि भुवईचा आकार ज्या वर्षी जसा चालतो तसा घेऊ नका. चेहरा पन्नाशीत खाली उतरतो, भुवईही त्याच्याबरोबर उतरते. आधी पेन्सिलने तो आकार काढून पंधरा दिवस वावरून बघा. घरच्यांना सवय होते का, तुम्हाला होते का.

(वेळ संपल्याची घंटा.)

एक चिठ्ठी हातात आहे, तेवढी वाचते. ‘मुलीचं लग्न बावीस तारखेला आहे. आठ दिवस आधी भुवया भरल्या तर चालेल का?’ नाही चालणार, मावशी. पहिले काही दिवस रंग भडक दिसतो, थोडी सूज असते, मग खपल्या धरतात. खपली पडल्यावर रंग इतका फिका वाटतो की मुलगी रडेल. तो बसायला महिना लागतो, मग दुसरी बैठक. हे सगळं लग्नाच्या निदान दोन-तीन महिने आधी आटोपलेलं हवं. लग्नाला पेन्सिल लावा, संध्याकाळी पुसून टाका. पुढचं तिचं ती ठरवेल.

मुलगी इथे आली आहे का? ती हिरव्या ओढणीतली? ये गं पुढे. कार्यकर्त्यांना विनंती आहे, व्यासपीठाजवळचा एक दिवा पाच मिनिटं तसाच राहू द्या, मला तिच्या भुवया नीट बघायच्या आहेत.