पेटी झाकून ठेवा

पडद्यामागे ‘पाहुणे किती वेळ बोलणार’ अशी कुजबुज करणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

तुमचं समूहगान आत्ता ऐकलं. छान बसलं होतं. पण माझं लक्ष तुमच्या नजरांकडे होतं, आणि त्या सगळ्या पेटीवाल्या मुलावर खिळलेल्या. त्यानं पट्टी दाबायची, मग तुम्ही सूर लावायचा. मला वाट पाहण्याच्या त्या अर्ध्या क्षणाबद्दलच बोलायचंय.

पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फेज शिकवत. कागदावर लिहिलेले सूर, हातानं मात्रा देत, वाद्याशिवाय गाऊन दाखवायचे. त्या तालमीतून आलेल्या कित्येक वादकांनी पुढे मुंबईचं सिनेसंगीत उभं केलं. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विसही तिथलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’तल्या अमिताभच्या गाण्यात गोन्साल्विस हे नाव येतं ना, ती या शिष्याची गुरुदक्षिणा! स्टुडिओत नोटेशनचा कागद समोर यायचा आणि थोड्या वेळात रेकॉर्डिंग. कागद बघताच सूर डोक्यात वाजला नाही, तर बोटं जाणार कुठे?

आपल्या रागसंगीतात उलटं होतं. गुरूंनी गायचं, शिष्यानं ऐकायचं, लिहायचं काही नाही. मग आले पंडित भातखंडे, पेशानं वकील. त्यांनी घराण्याघराण्यांतल्या चिजा ऐकून स्वरलिपीत उतरवल्या, आणि क्रमिक पुस्तकाचे सहा भाग झाले. ऐकलेलं लिहिता येणं आणि लिहिलेलं गाता येणं, दोन्हींना कान एकच लागतो. आपल्या परीक्षांमध्ये मात्र पुस्तक पाठ करून पेटीवर वाजवलं तरी निभावतं. मला ते पटत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? तंबोऱ्यापासून. जवारी नीट असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो ऐकू येईपर्यंत गप्प बसा. मग त्याच्यात आपला गंधार मिसळा. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. हा फरक एकदा कानाला कळला की पेटीवर डोळे मिटून विश्वास ठेवणं आपोआप सुटतं.

हल्ली मोबाइलवर दोन सुरांमधलं अंतर ओळखायचे खेळ असतात. खेळा, पण तेवढ्यावर थांबू नका. सा ते म आणि रे ते प, दोन्ही अंतरं सारखीच. तरी तंबोऱ्यावर रे-प म्हणा आणि सा-म म्हणा. भाव अगदी वेगळा. प्रत्येक सूर षड्जाशी काय नातं सांगतो ते ओळखायचं, शेजारच्या सुरापासून पायऱ्या मोजत बसायचं नाही.

जोडी करा. एकानं आकारात तीन सूर गायचे. आकारातच हं, सरगम म्हटली की उत्तर फुटलं! दुसऱ्यानं वहीत लिहायचे. तीन जमले की पाच, मग एखादा कोमल, मग मध्येच मंद्रातला धैवत. रोज पंधरा मिनिटं पुरेत. रविवारी एकदम दोन तास बसलात तर कान थकतो आणि काहीही मान्य करायला लागतो.

वाचनाच्या सरावासाठी आधी शिकलेली बंदिश घेऊ नका, ती तुम्हाला पाठ असते. न शिकलेल्या रागाचं पान उघडा. आधी हातावर त्रिताल धरून नुसती स्वरांची नावं लयीत बोला. मग षड्ज घेऊन गा. सूर चुकला तर चुकू दे, लय सोडून मागे जायचं नाही. पान संपल्यावरच पेटी उघडून तपासा.

इथे तुमचे गुरुजी मनात म्हणत असतील, कागदावर राग असतो कुठे? बरोबर आहे. भूप आणि देशकार, दोघांचे पाच सूर तेच. पण देशकारचा धैवत कसा लावायचा, ते कुठल्याही रेघेनं किंवा टिंबानं सांगता येत नाही. ते गुरूंसमोर बसूनच येतं. मात्र ज्या मुलाला बंदिश वाचून येते, त्याला शिकवताना गुरूंचा वेळ सूर पाठ करून घेण्यात जात नाही. तो त्या धैवतावर खर्च करता येतो.

आता बक्षिसं. प्राचार्यांच्या परवानगीनं प्रत्येक बक्षिसासोबत एक कोरी वही आहे. सांघिक बक्षीस मिळालेल्या मुलांनी मंचावर येताना मघाच्या समूहगानाची पहिली ओळ सरगममध्ये म्हणायची. पेटीवाल्या दादा, तू जरा भाता बंद कर.