उमऱ्याचा जोडधंदा

मी दिवसा शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी उमऱ्याची बुकिंग घेतो.

सुरुवात चुकीची झाली. एका एजंटच्या भरवशावर मोहल्ल्यातल्या खालांचे पैसे भरले, पावती घेतली नाही. 'हरमजवळ' सांगितलेलं हॉटेल चढाच्या रस्त्याने पाऊण तासावर निघालं. खालांचे गुडघे सुजले. कमिशन मी घेतलं होतं, म्हणून जबाबदारीही माझीच. ते त्यांना परत केलं.

तेव्हापासून तिकीट, व्हिसा, हॉटेल आणि माझं कमिशन वेगवेगळं लिहून देतो. हॉटेलचं हरमपासूनचं अंतर नकाशावर दाखवतो. हजचे पैसे घेतच नाही. हजसाठी हज कमिटी किंवा अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदणी असलेला खासगी आयोजक, हेच रस्ते. २०१८ पासून ४५ वर्षांपुढच्या स्त्रिया मेहरमशिवाय गटाने हजला जाऊ शकतात, हेही आवर्जून सांगतो. अनेकींना घरात कुणी ते सांगितलेलंच नसतं.

तुम्हीही हे काम जरूर करा. फक्त "सवाबाचं काम आहे, हिशेब कसला?" असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे आधी पावती मागा. आणि तुमच्याकडे कुणी मागितली, तर रागावू नका.