‘तू फक्त गा’ म्हणणाऱ्यांविषयी
(गाणी ऐकण्याआधी केलेलं भाषण)



गायकानं राजकारण करावं का, असा विषय तुम्ही मला दिलाय. मी तो उलटा करतो. ऐकणारा राजकारण करतो की नाही, ते आधी बघू.

नील यंग हा कॅनडात जन्मलेला आणि अमेरिकेत नाव कमावलेला रॉक गायक. २००६ साली, साठी गाठल्यावर, त्यानं ‘लिव्हिंग विथ वॉर’ हा अल्बम काढला. अमेरिकेनं इराकवर २००३ च्या मार्चमध्ये हल्ला केला होता. ज्या संहारक शस्त्रांचं निमित्त पुढं केलं, ती सापडलीच नाहीत. मुडदे तेवढे सापडत राहिले. यंगनं थोडक्या दिवसांत गाणी रेकॉर्ड केली, शंभर माणसांचा कोरस उभा केला आणि अल्बम दुकानात येण्याआधी एप्रिलमध्ये इंटरनेटवर फुकट ऐकवला. त्यातल्या एका गाण्याचं नावच ‘लेट्स इम्पीच द प्रेसिडेंट’. म्हंजे राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालवा! आडपडदा नाहीच. बुशचे स्वतःचे उद्गार कापून त्या गाण्यात घातले.

त्याच वर्षी क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश या जुन्या साथीदारांबरोबर तो दौऱ्यावर निघाला. अटलांटा शहरात हे गाणं सुरू झालं आणि श्रोते फुटले. काही जण टाळ्या वाजवत होते, काही हुर्यो करत होते, काही तावातावानं बाहेर पडत होते. यंगनंच या दौऱ्यावर काढलेल्या २००८ च्या चित्रपटात हे सगळं दिसतं. बाहेर पडणाऱ्यांचं म्हणणं काय? आम्ही गाणी ऐकायला पैसे मोजले, राजकारण ऐकायला नाही. तू फक्त गा.

आता गंमत बघा. हे चौघे ज्या गाण्यांनी मोठे झाले, त्यांतलं एक ‘ओहायो’. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डनं गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार, नऊ जखमी. यंगनं काही दिवसांतच गाणं लिहिलं, त्यात निक्सनचं नाव घेतलं. तेव्हा काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. पुढं तेच गाणं लोकांच्या आवडीचं झालं. या दौऱ्यातही ते गायलं जात होतं. ते काय अंगाईगीत होतं? फरक एवढाच की निक्सन १९९४ मध्ये मेला आणि बुश अजून खुर्चीवर होता. मेलेल्या राज्यकर्त्याविरुद्धच्या गाण्याला हे लोक आठवण म्हणतात, खुर्चीवरच्याचं नाव आलं की त्यांना राजकारणाचा वास येतो.

आणखी एक गोष्ट आहे. १९७० साली सक्तीची लष्करभरती होती. युद्ध श्रोत्याच्या दारात उभं होतं. १९७३ मध्ये ती भरती बंद झाली. इराकला गेलं ते पगारी सैन्य. महागडं तिकीट काढून बसलेल्या किती जणांच्या घरातलं पोरगं तिकडं होतं? ज्याचं काही पणाला लागलेलं नाही, त्याला गाणं निव्वळ गाणं म्हणून हवं असतं. तेव्हा ‘तू फक्त गा’ हेसुद्धा राजकारणच आहे. चाललंय ते चालू द्या, असं म्हणणारं राजकारण.

दुसरा आक्षेप असा की यंग संधिसाधू आहे. ऐंशीच्या दशकात यानं रेगनचं कौतुक केलं, ११ सप्टेंबरनंतर २००१ मध्ये ‘लेट्स रोल’ गायलं, मग हा कसला युद्धविरोधक? खरंय, त्यानं हे केलं. त्याचा जाब जरूर विचारा. पण काल चुकीच्या बाजूला असलेल्या माणसानं आज खरं बोलायचंच नाही, हा कुठला न्याय? गाणं खरं की खोटं ते बघा. माणसाच्या चारित्र्याचा दाखला मागत बसलात तर गाणारं कुणी उरणार नाही.

तिसरा आक्षेप म्हणे कॅनडाचा माणूस, याला काय अधिकार? अमेरिकेचं नागरिकत्व त्यानं २०२० मध्ये घेतलं, हे खरं. पण १९६६ पासून तो तिथं राहत होता. आणि बॉम्ब टाकताना इराकी माणसाला कुणी त्याचं मत विचारलं होतं?

माझी तक्रार वेगळीच आहे. केंट स्टेटनंतर अकरा दिवसही उलटले नव्हते. १४ मेच्या रात्री मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात पोलिसांनी गोळीबार केला. दोन काळे तरुण ठार, बारा जखमी. ‘ओहायो’ रेकॉर्ड झालं ते त्यानंतर आठवडाभरानं. त्यात जॅक्सनचं नाव नाही. गोऱ्या पोरांचं रक्त गाण्यात आलं, काळ्या पोरांचं रस्त्यावरच वाळलं. यंगला विचारायचं तर हे विचारा. तू राजकारण का करतोस, असं नको. तुझं राजकारण इथंच का थांबलं, असं विचारा.

आता अल्बम लावतो. तुमच्यातही दोन तट पडतील. पडू द्या. ज्याला जे खटकेल, त्यानं गाण्यातली जागा धरून बोलावं. भांडण रात्रभर चालू दे.