खेळांच्या कारखान्यातील कामगार

नांदेडला ज्यांचे बालपण गेले अशा वडीलधाऱ्या मंडळींना उस्मानशाही मिलचा भोंगा अजून आठवत असेल. भोंगा झाला की एक पाळी सुटे आणि दुसरी आत जाई. मिल बंद पडली, तिच्याबरोबर भोंगाही गेला. आज मी ज्या कारखान्यांविषयी बोलणार आहे त्यांना धुराडे नाही आणि भोंगाही नाही. भोंगा नाही, हीच तेथील मोठी अडचण आहे.

हे कारखाने खेळांचे आहेत. आपली मुले मोबाइलवर किंवा संगणकावर जे व्हिडिओ गेम खेळतात ते कोठेतरी, कोणीतरी बसून तयार करीत असते. पुण्यात हे काम चालते. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली पुण्यातील एक स्टुडिओ विकत घेतला आणि २०१८ साली मुंबईतही स्टुडिओ काढला. आपल्याकडची मुलेही आता या धंद्यात जातात. घरच्यांची समजूत अशी, की पोराला खेळण्याचेच पैसे मिळतात!

तेव्हा तेथे चाचणी करणाऱ्याचे काम काय असते ते ऐका. खेळातला शिपाई धावत जाऊन एका भिंतीवर आदळतो. तो भिंतीतून आरपार जात नाही ना, एवढे पाहायचे. मग दोन पावले सरकून पुन्हा आदळायचे. असे दिवसभर. चूक आढळली की नोंदवायची. दुरुस्त झालेला खेळ हाती आला की पुन्हा पहिल्या भिंतीपासून आरंभ. यात खेळण्याची मौज किती, असे विचारणे म्हणजे बैलाला मळणीची मौज विचारण्यासारखे आहे.

त्यात खेळ बाजारात येण्याची तारीख आधीच जाहीर झालेली असते आणि काम मागे पडलेले असते. मग शेवटचे काही आठवडे, पुष्कळदा काही महिने, अपरात्रीपर्यंत आणि रविवारीही माणसे बसून राहतात. या प्रकाराला त्या धंद्यात ‘क्रंच’ म्हणतात.

माझा एक जुना विद्यार्थी, उदगीरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पुण्यात अशा एका कंपनीत होता. एका दिवाळीला तो जेमतेम दोन दिवस आला. डोळे लाल, चेहरा उतरलेला. मी विचारले तेव्हा हसून म्हणाला, “सर, सध्या आमची सुगी चालू आहे.” त्याचे वडील शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “सुगी आम्हालाबी ठाव हाय, सर. पण रास झाली की सुगी सरती. ह्याची रास आठ महिने झाले, अजून व्हईना.”

जादा तासांचे पैसे त्याला मिळत नव्हते. मग तू मागत का नाहीस, असे मी विचारले. तो म्हणाला, “आवडीचं काम आहे ना, सर. नको म्हटलं तर दारात दुसरे शंभर जण उभे आहेत.” त्याच्या या उत्तरात सारे आले. शिंप्याला किंवा गवंड्याला कोणी म्हणत नाही की, तुला कामाची आवड आहे, तेव्हा निम्मी मजुरी घे. येथे मात्र मुलाची आवडच मजुरीच्या खात्यावर जमा धरली जाते.

हे पुण्यातच घडते असे नव्हे. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स नावाची मोठी कंपनी आहे. २००४ च्या नोव्हेंबरात तेथील एका नोकरदाराच्या वाग्दत्त वधूने निनावी लेख लिहून, तो सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत, आठवड्याचे सातही दिवस कसा राबतो, ते जगापुढे मांडले. तो गप्प होता, ती बोलली. त्या सुमारास जादा कामाच्या मजुरीसाठी कंपनीवर दावेही झाले. २००५ साली चित्रकारांच्या दाव्यात कंपनीने १ कोटी ५६ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि पुढच्या वर्षी प्रोग्रॅमरांच्या दाव्यात १ कोटी ४९ लाख डॉलर दिले.

आपल्या महाराष्ट्राला ही लढाई नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. ज्या रविवारी आपण निवांत बसतो, तो असा मागून मिळालेला आहे.

आता कायद्याचे थोडे. शिक्षक बंधुभगिनींनी हे मुलांना अवश्य सांगावे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने २०१७ साली दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे ९ तास १० करण्यास मंजुरी दिली. मला स्वतःला हे पाऊल उलटे वाटते. परंतु जादा तासांची मजुरी दुप्पट, हे तत्त्व त्या कायद्यात आहे. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे. वातानुकूलित खोलीत संगणकापुढे बसणारा मुलगा स्वतःला कामगार मानीत नाही, म्हणून ही कलमे त्याच्या उपयोगी पडत नाहीत.

पैशाइतकीच नावाचीही गोष्ट आहे. पूर्वी अमेरिकेतील अटारी कंपनी खेळावर तो रचणाऱ्याचे नाव घालीत नसे. तेव्हा वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने १९८० साली आलेल्या ‘ॲडव्हेंचर’ या आपल्या खेळात एक गुप्त खोली करून तीत स्वतःचे नाव लिहून ठेवले. कंपनीला त्याचा पत्ता नव्हता. तो एका खेळणाऱ्याला लागला!

आपल्याकडचे उदाहरण निराळे आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करीत आहेत, असे युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केले. नमुन्याची दृश्ये पाहून जगभर टीका झाली. तारीख पुढे गेली, मे २०२२ मध्ये काम कॅनडातील माँट्रियलला हलविले गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये तो खेळच रद्द झाला. टीका झाली तेव्हा पुण्या-मुंबईची नावे सर्वांच्या तोंडी होती. त्या मुलांनी घातलेल्या वर्षांतले लोकांच्या हाती मात्र काहीच आले नाही.

माझ्या विद्यार्थ्याने अखेर ती नोकरी सोडली. दोन महिन्यांनी खेळ बाजारात आला. खेळ संपल्यावर तो करणाऱ्यांची नावे पडद्यावर सरकत जातात. बापलेकांनी ती घरी बसून पाहिली. मुलाचे नाव नव्हते. प्रकाशनापूर्वी सोडून गेलेल्यांची नावे घालीत नाहीत, असे त्याला कळविण्यात आले. त्याच्या हाती असलेल्या करारपत्रात नावासंबंधी एक ओळही नव्हती, आणि सही करताना त्याने ती शोधलीही नव्हती. वडिलांनी ते पत्र माझ्याकडे वाचायला आणले, तेव्हा मीही ते प्रथमच पाहत होतो. तेव्हापासून पुण्याला निघालेला विद्यार्थी निरोप घ्यायला आला, की मी त्याच्याकडून नेमणूकपत्र मागून घेतो, आणि तास, जादा मजुरी व नाव या तीन गोष्टी त्यात कोठे आहेत, त्या त्यालाच मोठ्याने वाचायला लावतो.