व्हिसा द्यायचा तो कोणत्या अटींवर?

परदेशी पाहुणा म्हटला की जबाबदारी दिल्लीचीच, असे आपण धरून चालतो. पण तो हिंगोलीत मुक्कामी आला, तर लॉजवाल्याला चोवीस तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती कळवावी लागते आणि जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच त्याचे नोंदणी अधिकारी असतात. तेव्हा हा विषय आपल्या दारापर्यंत येतो. पाहुणा पाकिस्तानचा सरकारी माणूस असेल, तर लगेच दोन तट पडतात : एक म्हणतो पाऊल ठेवू देऊ नका, दुसरा म्हणतो मन मोठे करा. मला दोन्ही बाजू आळशी वाटतात. व्हिसा हा मानपान नव्हे. कोणत्या कामासाठी, कुठपर्यंत आणि कोणत्या अटींवर, हे आधी कागदावर आले की ‘हो’ किंवा ‘नाही’ आपोआप ठरते.

मुंबईचेच उदाहरण घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. रावळपिंडीत हल्ल्याचा सूत्रधार मानला जाणारा झकीउर रहमान लख्वी आणि इतरांवर खटला सुरू झाला. त्यासाठी पाकिस्तानचा न्यायिक आयोग मार्च २०१२ मध्ये मुंबईत आला. जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब याचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी, तपास अधिकारी आणि शवविच्छेदन करणारे दोन डॉक्टर यांचे जबाब झाले; मात्र उलटतपासणीची मुभा नव्हती. व्हिसा मिळाला, बंदोबस्त झाला, बातम्या झाल्या, आणि जुलैत तिकडच्या न्यायालयाने उलटतपासणी नाही म्हणून अहवालच बेकायदा ठरवला. दुसरा आयोग सप्टेंबर २०१३ मध्ये आला, तेव्हा कुठे उलटतपासणी झाली. मधले दीड वर्ष कोणी खाल्ले? येऊ देण्याच्या निर्णयाने नव्हे, अर्धवट ठरवलेल्या अटींनी.

यावर आक्षेप येतो की असे अधिकारी हेरगिरी करतील. शंका रास्त आहे. २०१६ मध्ये पठाणकोट हवाई तळावरील हल्ल्याच्या तपासाला आलेल्या पाच जणांच्या पाकिस्तानी पथकात तिकडच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेचा अधिकारी होताच. म्हणून त्यांना हवाई तळ मोकळा सोडला नाही. आडोसे उभारून फक्त हल्ल्याची जागा दाखवली. अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, येण्याची वेळ हे सगळे आपल्या हातात असते. खरी भीती न ओळखलेल्याची. डेव्हिड हेडली अमेरिकेच्या पासपोर्टवर, दाऊद गिलानी हे जुने नाव बदलून, व्यवसायाच्या व्हिसावर मुंबईत पुन्हा पुन्हा येऊन २००८ च्या त्याच हल्ल्यासाठी टेहळणी करून गेला. आणि त्याने आडोसा घेतला कशाचा, तर लोकांना परदेशी जाण्यास मदत करणाऱ्या कचेरीचा! संवेदनशील देशाचा शिक्का पाहून पहारा बसवणाऱ्यांना हा माणूस दिसलाच नाही. पुढे पर्यटक व्हिसावर पुन्हा येण्याआधी दोन महिन्यांच्या अंतराची सक्ती आली, तिचा काच मात्र साध्या पर्यटकांनाच बसला.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : इतके करून लख्वी एप्रिल २०१५ मध्ये तुरुंगाबाहेर आलाच ना? आला. पठाणकोटचे पथकही पाहून गेले, पण आपल्या तपासयंत्रणेला तिकडे जाण्याची संधी मिळाली नाही. म्हणून परतफेडीची अट तोंडी ठेवून चालत नाही. ती तारखेसह मान्य झाल्यावरच पथक विमानात बसावे. मात्र मुंबईच्या खटल्याच्या आयोगाला नाकारले असते, तर खटला रेंगाळल्याचा ठपका आपल्यावर आला असता. तो बहाणा तरी आपण काढून घेतला. मृतांच्या नातेवाइकांचा अपमान कशात आहे? आयोग येण्यात नाही, साक्ष वाया जाण्यात आहे.

पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये बहुतेक पाकिस्तानी व्हिसा रद्द झाले. त्या संतापाला कारण होते. पण उद्या एखाद्या खटल्यासाठी तिकडचे पथक पुन्हा दार ठोठावेल. तेव्हा आपल्या खासदाराला एवढेच विचारा : उलटतपासणीचे कलम कराराच्या मसुद्यात आहे का, आणि आपले पथक तिकडे कोणत्या तारखेला जाणार?