आपल्या कातळाचा दूरचा भाऊ
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला "अमेरिकेतले अनुभव" असा विषय दिला होता. माझ्या ऑफिसातल्या गोष्टी सांगत बसले तर जेवणाआधीच तुम्हाला झोप लागेल. म्हणून आज मी दगडांवर बोलणार आहे. मी सॉफ्टवेअरमधली, हा काही माझा विषय नव्हे. इथल्या सरांना माझ्या बोलण्यात काही खटकलं तर त्यांनी पूर्वीसारखा कान धरावा.

मी राहते त्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला किविनॉ नावाचं द्वीपकल्प आहे. ते सुपीरियर सरोवरात बोटासारखं शिरलंय. तिथला रस्त्याकडेचा कातळ पाहिला तर दासगावच्या माणसाला परकं वाटणार नाही. तोच काळा दगड, अंगभर बारीक भोकं आणि भोकांतून पांढरे खडे. कारण दोन्ही दगडांचा जन्म एकसारखा आहे. जमीन फाटली, लाव्हा बाहेर आला, थरावर थर चढले. लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले, तीच ही भोकं. आपला सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. किविनॉचा कातळ सुमारे ११० कोटी वर्षांचा, म्हणजे नात्यानं आपला पणजोबाच!

फरक एवढाच की त्यांच्या भोकांत पांढऱ्या खड्यांबरोबर तांबं आहे. हिरवट खनिज नव्हे, अस्सल धातू, हातोडीनं ठोकला तर पसरणारा. आणि मधूनमधून त्याला चिकटलेली चांदी.

मग आपल्याकडे का नाही? मला हा प्रश्न पडला आणि मी वाचत गेले. तांबं आपल्या दगडातही आहे. एक टन काळ्या दगडात साधारण शंभर ते दोनशे ग्रॅम. पण ते पिठात मीठ मिसळावं तसं विखुरलेलं, डोळ्यांना न दिसणारं. किविनॉचे थर काही किलोमीटर खोल गाडले गेले. तिथल्या उष्णतेत दोनशे-तीनशे अंश तापलेलं पाणी दगडातून फिरलं, त्यानं कणाकणानं तांबं उचललं, भेगांतून वर आणलं आणि भोकांत, गोट्यांच्या थरांत सोडलं. त्या पाण्यात गंधक फार कमी होतं, म्हणून तांबं शुद्ध राहिलं. आपले थर तेवढे खोल कधी गाडलेच गेले नाहीत. आपल्या भोकांत कोमट पाण्यानं पांढरे खडे तेवढे मांडले. थोडक्यात, माल दोघांकडे होता, वाहतूक त्यांच्याकडे झाली.

तिथल्या मूळ लोकांनी हे तांबं हजारो वर्षं दगडी हातोड्यांनी खणलं, त्याची भाल्याची टोकं आणि सुया केल्या. १८४१ साली डग्लस हॉटन या भूवैज्ञानिकानं सरकारला अहवाल दिला. १८४२ च्या करारानं ओजिब्वे लोकांची जमीन सरकारकडे गेली आणि १८४३ पासून खाणवाल्यांची झुंबड उडाली. काही ठिकाणी तांब्याचे एकसंध गोळे शेकडो टनांचे निघाले. ते सुरुंगानं फुटेनात, म्हणून महिनोन्‌महिने छिन्नीनं कापावे लागले. १८४५ ते १९६८ या काळात तिथून सुमारे ५० लाख टन तांबं निघालं. चांदी त्या मानानं थोडी. त्यातलीही बरीच खाणकामगारांच्या खिशातून घरी जायची म्हणतात!

मी हॅनकॉक गावातली क्विन्सी खाण पाहिली. १८४६ ला सुरू, १९४५ ला बंद. तिची एक तिरपी विहीर ९,२६० फूट लांब, म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलोमीटर. आता पंप थांबल्यामुळे खालचे मजले पाण्याखाली आहेत.

पण मला खाणीपेक्षा माणसं ओळखीची वाटली. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधला एक जण यायचा आणि जागा निघाली की गावाकडच्या चुलतभावाला बोलवायचा. मागोमाग फिनलंडचे, इटलीचे आले. आपल्या बंदरातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी तरी वेगळं काय केलं? आपल्या गिरण्यांसारखा त्यांचाही संप झाला, जुलै १९१३ मध्ये. आठ तासांची पाळी हवी आणि एकट्या माणसानं चालवायचं नवं ड्रिल नको, या मागण्या होत्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला संपकऱ्यांच्या मुलांसाठी नाताळचा कार्यक्रम होता. कुणीतरी "आग!" असं ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यात चेंगरून ७३ जण गेले, त्यांत बहुतेक लहान मुलं. पुढे एप्रिलमध्ये संप मोडला.

आज तिथे खाणी नाहीत. दगड कुटून उरलेली काळी वाळू मात्र अजून सरोवरात सरकतेय आणि माशांच्या विणीच्या जागा बुजवतेय. तरी हॉटन गाव जगलं, आणि त्यात मोठा वाटा एका शाळेचा. खाणकाम शिकवायला १८८५ मध्ये काढलेली ती शाळा आज मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी आहे. तांबं संपलं, पण तांब्याच्या निमित्तानं जमलेलं ज्ञान उरलं.

आता आपल्याकडे येते. आपल्या डोंगरात खाण नाही, म्हणून आपण त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नाही. डोंगरानं मात्र आपल्याला पाहायला लावलं. २५ जुलै २००५. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन. या सभागृहातल्या काहींच्या घरची माणसं त्या दिवशी गेली. २०२१ ला पुन्हा तळिये. तिथलं गणितही पाण्याचंच. कठीण कातळावर कुजलेल्या दगडाचा आणि मातीचा जाड थर असतो. अतिवृष्टीत पाणी त्यात मुरतं, माती फुगून जड होते, तिची पकड सुटते आणि उतारावरून सगळंच खाली येतं. किविनॉत भेगांतल्या पाण्यानं संपत्ती आणली. आपल्याकडे मुरलेलं पाणी माणसं घेऊन गेलं.

म्हणून माझी एक विनंती आहे. मेळाव्याच्या निधीतून शाळेत दगडांचं एक कपाट करूया आणि भिंतीवर आपल्या डोंगराचा मोठा नकाशा लावूया. नववीच्या मुलांनी दर वर्षी त्यावर झरे, विहिरी, नव्या भेगा, वाकलेली झाडं टिपावीत. पावसाळ्यात रोजचा पाऊस मोजून फळ्यावर लिहावा. जमिनीला नवी भेग दिसली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर घर सोडायचं, हे आठवीतल्या पोरालाही ठाऊक असावं. नकाशा संगणकावर चढवायचं काम माझं. डोंगर चढून माहिती आणायचं काम गावात राहिलेल्या तुम्हा मंडळींचं, आणि ते माझ्यापेक्षा अवघड आहे.

कपाटासाठी किविनॉचा मूठभर दगड मी आणलाय. त्यात तांब्याचा एक ठिपका आहे. त्याच्या शेजारी ठेवायला आपल्या डोंगराचा दगड उद्या सकाळी कोण कोण आणतंय, तेवढं सांगा.