पोट भरते, रक्त होत नाही



हा विषय खरे म्हणजे डॉक्टरांनी बोलावा. मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण मोर्चात, लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. ज्यांची मुले आजारी पडतात त्यांच्यात आयुष्य गेले, तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

आपण उजनीच्या कडेने हिंडलात तर जिकडे तिकडे ऊस आणि केळी. दिवाळी झाली की याच हिरवाईत बीडकडच्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच्या अंधारात फडावर जातात आणि आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन मागे राहते. भाकरी असली तर भाकरी, नाही तर पाच रुपयांचा पुडा आणि काळा चहा. अशा एका पोरीच्या डोळ्याची खालची पापणी आमच्याबरोबरच्या नर्सबाईंनी ओढून पाहिली. लालसर दिसायची, ती कागदासारखी पांढरी! बाई म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त नाही." आई म्हणाली, "अहो ताई, पोटभर खाती की ती." ती खोटे बोलत नव्हती.

भूक मोडणे निराळे, रक्त होणे निराळे. रक्ताला लोह लागते. ते डाळी, हुलगे, पालेभाजी, मटण यांतून येते. वर लिंबाची फोड पिळली तर अंगी अधिक लागते, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा ते अडवतो. पोटात जंत असले तर आणखीच तोटा. शिवाय मुलगी वयात आली की तिला लोह जास्त लागते, आणि आपल्या घरांत नेमकी तीच शेवटी जेवते. ही गोष्ट फडावरचीच आहे असे समजू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची 68.9 टक्के मुले रक्त कमी असलेली निघाली. 2015-16 साली हाच आकडा 53.8 होता. शंभरात एकोणसत्तर म्हणजे त्यात आपल्या पेठेतली मुलेही आलीच.

आता मला अवघड जाते ते सांगतो. अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. पण 2017 साली एका मुलाच्या रोजच्या आहारासाठी दर ठरला आठ रुपये! आणि तो आहार देणारी बाई नोकर नव्हे, मानधनी. म्हणून 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभर अंगणवाडी ताईंचा संप झाला. तो जानेवारी उजाडून गेला तरी चालू होता. मी त्या संपाच्या बाजूने भाषणे केली. एका गावात एक आजी मला म्हणाली, "तुमचं भांडण सरकारशी, अन् उपाशी माझी नात व्हय?" मी उत्तर दिले, पण ते मला स्वतःलाच पुरे वाटले नाही. ताईला पोटापुरते मिळाल्याखेरीज लेकरांच्या ताटाची काळजी कोण घेणार, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. पण त्या दिवसांत ज्या मुलांचा आहार बुडाला, त्यांना पुन्हा कोणी तो भरून दिला नाही, हेही खरे आहे.

फडावरच्या मुलाचे तर दोन्हीकडून जाते. गावच्या अंगणवाडीत त्याचे नाव असते आणि ते असते इथे. गाव सोडून आलेल्या मुलाला दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत आहार घेता येतो. पण फडापासून अंगणवाडी दोन-तीन मैल, आणि त्याला तिथवर नेणार कोण? आईने एक दिवस कोयता खाली ठेवला तर उचल फिटायची लांबते. मुकादमाला आपण काही म्हणत नाही, कारखान्यालाही नाही.

पुढचा हंगाम दिवाळीच्या सुमारास लागेल. कोप्यांत कोण किती मुले घेऊन आले हे लिहून घ्यायला, आणि ती नावे अंगणवाडीत नेऊन द्यायला, प्रत्येक फडासाठी दोन माणसे हवीत. मी वही आणली आहे. ती अध्यक्षांच्या टेबलावर ठेवतो आहे.